मागायचे राहिलेले दहा दिवस

माझा तास असला की मामा तिसरा पंखा बंद करीत.

अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवीत होतो आणि मामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. वर्गात पाच पंखे होते. त्यांतला मधला इतका खडखडत असे की त्याच्या पलीकडे बसलेल्या मुलांपर्यंत माझा आवाज पोहोचत नसे. आवाज माझा मुळातच लहान. ही अडचण मी कुणाला सांगितली नव्हती. सांगणे माझ्याच्याने झालेही नसते. मी फळ्यावर तारीख लिहीत असताना मामा दारातून आत येत, एक बटण दाबत आणि निघून जात. मार्च-एप्रिलच्या अमरावतीत मुलांच्या डोक्यावरचा पंखा बंद करणे ही साधी गोष्ट नव्हे. मुले ओरडत, "मामा, आमाले भाजून खाता काय?" मामा वळूनही न पाहता म्हणत, "पंख्याचं आयकाचं का सरांचं, ते एकदा ठरवा."

या विषयावर आम्ही दोघे कधीही बोललो नाही. मी आभारही मानले नाहीत. आभार मानायचे म्हणजे आधी आपला आवाज लहान आहे हे कबूल करावे लागले असते.

शाळा-महाविद्यालयांत परिचरांना मामा म्हणण्याची पद्धतच आहे, म्हणून तेही मामा. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. उंच, सडसडीत, बारा महिने एकावर एक दोन सदरे घालणारे. शिक्षण दहावीपर्यंत. वडील भातकुलीकडे दुसऱ्यांच्या शेतात राबत. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले जुने देव पाण्यात सोडले आणि कोनाड्याच्या रिकाम्या जागी मुलांची पाटी-पुस्तके ठेवली, एवढीच आपल्या घराण्याची गोष्ट मामा सांगत. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातच्या. अक्षर असे की बाटलीतल्या बेडकापेक्षा मुले चिठ्ठीकडेच जास्त पाहत.

रविवारी मात्र ते कुणाचेच नसत. त्या दिवशी ते साबण लावीत नसत, केसांना तेल लावीत नसत. रविवार मधमाश्यांचा होता.

आमच्या भागात सातेरी जातीच्या माश्या उघड्यावर पोळे करीत नाहीत. त्यांना अंधारी पोकळी लागते. झाडाची ढोली मिळाली नाही तर त्या माणसाच्या घरात शिरतात. विजेच्या मीटरची पेटी, सिमेंटची फुटकी टाकी, जिन्याखालची फट, काहीही चालते. लोक घाबरतात आणि फवारणीवाल्याला बोलावतात. ज्यांना मामांची माहिती असे ते मामांना बोलावीत. मामा लगेच येत, परंतु लगेच काढीत नसत. त्यांची एक अट असे. सायकलला अडकवून आणलेला एक बुटका लाकडी पाट ते मोहोळापासून चार हातांवर ठेवीत आणि घरमालकाला सांगत, "एक सकाय बसा. उन्ह चढेपर्यंत. मंग सांगा, काढाचं का ठेवाचं."

आमच्या कार्यालयातले मोठे बाबू त्यांच्या घरी मोहोळ निघाले तेव्हा फार चिडले. "मामा, मी कामधंद्याचा मानूस. माशा पायत बसू काय?"

"बसल्यावर काढा म्हनलं त मी काढतो," मामा म्हणाले. "बसल्याबिगर म्हनलं, त ते भेव बोलते, बाबूजी. मी भेवाचं आयकत नाई."

बाबू बसले. साडेदहाला उठले ते, "दिवाळीपर्यंत राहू द्या, बिचाऱ्या आपल्या कामात आहेत," असे म्हणतच. सगळेच असे बदलत नसत. काही जण सकाळभर बसूनही काढा म्हणत, आणि मामा एका शब्दानेही वाद न घालता काढून देत. मोहोळ हलेपर्यंत त्या घरी ते चहा घेत नसत, फक्त पाणी. जाळीचा बुरखा त्यांच्याकडे एकच होता आणि तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाला द्यायचा असे. स्वतःला त्यांनी तो घातलेला मी कधी पाहिला नाही.

अशी काढलेली मोहोळे ते कधी भातकुलीला धाकट्या भावाच्या शेतात ठेवीत, कधी अचलपूरकडे ओळखीच्या संत्र्याच्या बागेत. तिकडे ते एस.टी.ने जात, पेटी मांडीवर घेऊन. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. कंडक्टरने विचारले, "पेटीत काय आहे?"

"संसार," मामा म्हणाले.

"कोनाचा?"

"राणीचा."

कंडक्टरने पेटीला कान लावला आणि झटकन मागे सरकला. "मंग राणीले खिडकीपाशी बसवा बाप्पा, अन् दार उघडू नका!" अचलपूर येईपर्यंत त्याने आमच्या शेजारच्या आसनावर कुणाला बसू दिले नाही. मामा हसले नाहीत. ते फार क्वचित हसत. पेटीवर हात ठेवून ते बसले होते, तापलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

एकदा मी वर्गात मधमाश्यांचा नाच शिकविला. माशी फुलांचा पत्ता नाचून कसा सांगते, सूर्याशी केलेला कोन, अंतराचे प्रमाण, सगळे पुस्तकात होते तसे. तास संपल्यावर मामा बाटल्या पुसता पुसता म्हणाले, "सर, नाच बराबर शिकोला. पन एक राह्यलं. माशीले घर मालूम नसते, जागा मालूम असते."

मी विचारले, म्हणजे काय?

"घर वीस पावलं सरकवा. बाहीर गेलेली माशी जुन्या जाग्यावरच परत येते. तिथं भिरभिरते. घर डोयासमोर असते तिच्या, पन तिले दिसत नाई. मरते तिथंच. म्हनून न्याचं त दूर न्याचं. इतकं दूर, का तिले ओयखीचं एक झाड दिसलं नाई पायजे."

मी ते वहीत लिहून घेतले. पुढे दरवर्षी त्या पाठाच्या शेवटी हे वाक्य मी मुलांना सांगत असे, आणि मामा दाराशी उभे राहून ऐकत. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले असे कुणाला वाटू नये. नियम मलाही ठाऊक होता आणि त्यांनाही.

आमचे घर राजापेठेच्या मागच्या बाजूला, एका अरुंद गल्लीत. माझे वडील गेले त्या वर्षी दिवाळीपूर्वी खिडकीतला कूलर आत काढायचा राहून गेला. दरवर्षी ते काम वडील करीत. आईच्या खोलीच्या खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर, तो पत्र्याचा कूलर तसाच कोरडा उभा राहिला. आई त्या दिवसांत बोलेनाशी झाली होती. विचारले तेवढ्याचे उत्तर देई. फेब्रुवारीत एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "कूलर बंद कर बाबा. पानी नाई त्याच्यात. मोटर जयून जाईन."

कूलरची वायर भिंतीवर गुंडाळून ठेवलेली होती. मी तिला ती दाखविली. ती म्हणाली, "मंग आवाज कशाचा येऊन राह्यला?" पत्नीने माझ्याकडे पाहिले. वडिलांच्या जाण्याचा परिणाम, असे आम्ही दोघांनीही न बोलता मानून घेतले. आठ दिवस गेले. आईने पुन्हा तेच सांगितले तेव्हा केवळ तिच्या समाधानासाठी मी कूलरच्या पत्र्याला कान लावला. आतून एक संथ, भरलेला गुंजारव येत होता.

मामा आले. त्यांनी पाठीमागची वाळ्याची ताटी किंचित उचलून आत पाहिले आणि पुन्हा बसवली. "सातेरी हायेत. चांगल्या भरल्या." मग पाट काढला. मी घरमालक म्हणून पुढे झालो, पण मामांनी खोलीत पाहिले आणि आईला म्हणाले, "माय, खोली तुमची. तुमी बसा."

आई बसली. उन्ह चढेपर्यंत बसली. मग म्हणाली, "पायाले पिवळं पिवळं काय लावून येतात ह्या?"

"पराग, माय. फुलातलं पीठ. लेकरांसाठी आनतात."

दुसऱ्या दिवशी मामा येण्याचे कारण नव्हते, तरी त्यांनी ठेवून दिलेला पाट घेऊन आई बसली. मग रोजच बसू लागली. जेवताना सांगू लागली: आज पांढरे आणले, म्हणजे शेवगा फुलला असेल. आज थोड्याच बाहेर पडल्या, ढग होते ना. कडुनिंबाला मोहर आला असेल, असे म्हणून एकदा तिने मला बाहेर जाऊन पाहायला सांगितले, आणि खरोखरच आला होता. मामा रविवारी येत, आईशेजारी जमिनीवर बसत. दोघे फार बोलत नसत. एकदा उन्हे तापू लागल्यावर आई म्हणाली, "भाऊ, इतक्या जनी दाराशी उभ्या राहून पंख काऊन हलवतात?"

"पानी आनून आत शिंपडतात अन् वारा घालतात," मामा म्हणाले. "त्याहीचा बी कूलरच हाय तो." आई हसली. वडील गेल्यानंतर तिला मी प्रथमच हसताना पाहिले.

शेजारचे काका एस.टी.तून निवृत्त झालेले होते. स्थानकावर गाड्या पुकारण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा साधा प्रश्नही चार फलाटांना ऐकू जाई. त्यांच्या घरचे आणि आमचे वीस वर्षांचे येणेजाणे. काकू आणि आई यांच्यात भिंतीवरून वाट्यांची देवघेव चाले. कधी आमची भाजी तिकडे, कधी त्यांची आमटी इकडे. आईच्या खिडकीतला कूलर त्यांच्या अंगणावर उघडत होता. एप्रिलच्या मध्यास काकूंना कपडे वाळत घालताना दोन माश्या चावल्या आणि त्यांचा चेहरा डोळे मिटतील इतका सुजला. काका गल्लीत आले. "सर, सोमवारी सकाळी फवारणीवाला येऊन राह्यला. त्याच्या आंदी तुमी काढलं त ठीक. नाई त तो काढीन." ते चुकीचे बोलले असे मला तेव्हाही वाटले नाही.

तो शुक्रवार होता. शनिवारी दुपारी मामांनी मला सगळे नीट समजावून सांगितले. रविवारी ते पोळ्याचे तुकडे कापून लाकडी पेटीतल्या चौकटींना केळीच्या सोपटाने बांधणार होते. पेटी मात्र लगेच दूर नेता येणार नव्हती. उन्हाने मऊ झालेले, नुकते बांधलेले पोळे रस्त्याच्या धक्क्यांनी गळून पडते आणि राणी त्याखाली दबून मरते. माश्यांना ते मेणाने चौकटीला चिकटवून घ्यायला वेळ लागतो. तोवर पेटी जुन्या जागीच, त्याच स्टँडवर राहायला हवी.

"दहा दिवस पायजे," मामा म्हणाले. "दहा दिवसांनी एका संध्याकायी दार बंद करतो, अन् सीध्या भातकुलीले. शेजाऱ्याले दहा दिवस मांगा, सर. मी गेलो असतो. पन घर तुमचं. मांगनं घरच्यानं असावं."

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी निघालो. गल्ली ओलांडायची नव्हती. आमचे फाटक आणि त्यांचे फाटक यांत दहा-बारा पावलांचे अंतर. त्या पावलांत मी वाक्य तयार केले: काका, मला तुमच्याकडे दहा दिवस मागायचे आहेत. फाटकाची कडी दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होती. आत टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. मला काकूंचा सुजलेला चेहरा आठवला, काकांचा आवाज आठवला, आणि तो आवाज सगळी गल्ली ऐकेल असे वाटले. मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. मध्येच बातम्यांचा आवाज थांबल्यासारखा झाला. मी हात काढून घेतला आणि परत फिरलो.

अंगणात मामा सोपटाचे दोरे भिजवीत बसले होते. आई पाटावर होती.

"काय म्हनले?"

"नाही म्हणाले," मी म्हणालो.

हे शब्द मी कसे उच्चारले ते मला सांगता येणार नाही. मी गेलोच नाही, असे म्हणायला जेवढे धैर्य लागले असते तेवढे माझ्यात असते तर मी फाटक उघडलेच असते.

आईने भिंतीपलीकडे, काकूंच्या अंगणाकडे पाहिले. मग म्हणाली, "वीस वर्षांचा शेजार. अन् दहा दिवस नाई?" थोड्या वेळाने ती मामांकडे वळली. "मंग मागच्या अंगनात ठेवा ना भाऊ. पेरूखाली. त्याहीले त्रास नाई, अन् मले पायता बी येईन."

मामांनी दोरे पाण्यात तसेच सोडले. पेरूपासून खिडकी चाळीस पावलेही नव्हती. नियम मोडायला त्यांना कुणीच सांगू शकले नसते. मी नाही, प्राचार्यही नाहीत. त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाले, "ठेवून पाहू, माय. पेटीच्या तोंडाशी डहाया लावतो. बाहीर निघताना अडखयल्या, त नवी जागा पाहून घेतात. कदी कदी आयकतात."

रविवारी त्यांनी ते काम केले. बुरखा मला दिला. गोवरीचा धूर कूलरच्या आत सोडला, पाठीची ताटी काढली, आणि वडिलांनी वर्षानुवर्षे पाणी भरलेल्या त्या पत्र्याच्या पोटात मी सात पोळी एकाशेजारी एक लोंबताना पाहिली, कडेला पांढरी, मध्ये तपकिरी. मामांच्या उघड्या हातांवर माश्या चालत होत्या. ते प्रत्येक तुकडा कापून, तळहातावर तोलून, चौकटीत बसवून बांधीत. चौथ्या पोळ्यावर ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "आल्या." राणीचा उल्लेख ते नेहमी आदरार्थीच करीत. दिवेलागणीपर्यंत बाहेरच्या माश्या पेटीत उतरल्या. मामांनी पेटी पेरूखाली नेली, दाराशी पेरूच्या डहाळ्या टेकवल्या. कूलर खाली उतरवून ताट्यांसकट धुऊन काढला, खिडकीला फळी ठोकली. आईने चहा आणला. "उद्या घेईन, माय," असे म्हणून ते गेले.

सोमवारी सात वाजता पहिल्या माश्या खिडकीशी आल्या. आठला शेकडो होत्या. पेटीतून त्या डहाळ्यांतून वाट काढून बाहेर पडत, फुलांकडे जात, आणि भरल्या पायांनी परत येत त्या खिडकीशी. तेथे फळी होती. फळीसमोर, जिथे कूलरची ताटी असायची बरोबर त्या उंचीवर, त्या हवेत थांबत. मग रिकाम्या लोखंडी स्टँडवर बसत. एकीवर एक, घोस धरून. दहानंतर ते लोखंड हात लावण्याजोगे राहिले नव्हते.

आई बाहेर आली होती. तिने तांब्यातून पाणी घेऊन स्टँडवर शिंपडायला सुरुवात केली. पाणी पडले की वाफ होई. मी महाविद्यालयात दूरध्वनी केला. मामांच्या आधी फवारणीवाला पोहोचला. त्याने पाठीवरची टाकी न उतरवताच वर पाहिले आणि म्हणाला, "इथं काय मारू? ह्या त मरूनच राह्यल्या," आणि निघून गेला.

मामा अकराला आले. त्यांनी खिडकी पाहिली, पेरू पाहिला. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पेटी उचलून आता इथं स्टँडवर ठेवली, त अर्ध्या वाचतीन. दहा दिवस राहू द्या लागीन." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पन ते नाई म्हनले ना, सर?"

आई तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. कबुलीसाठी दुसरी संधी इतक्या स्पष्टपणे फार थोड्या माणसांना मिळत असेल.

"नाही म्हणाले," मी म्हणालो.

चार वाजेपर्यंत स्टँडखाली एक काळसर थर साचला. मामांनी केरसुणी घेतली, आमची बाजू झाडली, मेलेल्या माश्या पेरूच्या आळ्यात टाकल्या. काही काकांच्या अंगणातही पडल्या होत्या. केरसुणी घेऊन मामा तिकडे गेले. वीस मिनिटांनी परत आले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर, नेहमीपेक्षा किंचित अधिक वेळ पाहिले, सायकलला पाट अडकवला आणि ते गेले. चहा त्यांनी त्या दिवशीही घेतला नाही.

राणी आणि कधी बाहेर न पडलेल्या कोवळ्या माश्या पेटीत वाचल्या होत्या. दहा दिवसांनी मामा ती निम्मी झालेली पेटी भातकुलीला घेऊन गेले. आई अंगणात आली नाही. माश्या मेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, माझा पहिला तास होता. मी फळ्यावर तारीख लिहीत होतो. मामा आत आले, तिसरा पंखा बंद केला आणि गेले. त्यांनी तो चालू ठेवला असता तर मला सोपे गेले असते.

त्यानंतर आई चार वर्षे होती. काकूंशी ती पुन्हा बोलली नाही. त्यांची एक वाटी, काकांचे नाव कोरलेली, त्या सुमारास आमच्याकडे आलेली होती. ती तिने घासून कपाटात ठेवली. परत पाठविली नाही आणि वापरलीही नाही. दहा दिवस नाकारणारा माणूस, एवढीच काकांची ओळख तिच्या लेखी उरली, आणि तीच घेऊन ती गेली. त्या दिवशी काका आले होते. आमच्या फाटकापाशी बराच वेळ उभे होते. आत आले नाहीत.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. अमरावतीचे घर बंद राहू लागले. मामा निवृत्त होऊन भातकुलीला भावाकडे राहायला गेले, हे मला उशिरा कळले. गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले की त्यांची छाती फार बिघडली आहे. मी पहिल्या गाडीने निघालो.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या सावलीत, पाच पेट्या होत्या. मामा बाजेवर होते. दोन सदऱ्यांवर आता शालही होती. मला पाहून त्यांनी हात वर केला. बोलायला दम पुरत नव्हता. मी बाजेच्या कडेला बसू लागलो तर त्यांनी मान हलवली आणि भिंतीला टेकवलेल्या पाटाकडे बोट दाखविले.

"तुमी कदी बसलेच नाई," ते म्हणाले. "मायच बसली."

मी पाट पहिल्या पेटीसमोर ठेवला आणि बसलो. तुरीला फुले होती. माश्या पिवळ्या पायांनी येत होत्या. भातकुलीकडचे पाणी खारे. माठापाशी सांडलेल्या ओलीवर काही माश्या पाणी पीत होत्या. उन्ह चढले. भावाच्या सुनेने चहा आणला, तो निवला. दहाच्या सुमारास मी पेटीकडे पाहतच म्हणालो, "मामा, त्या शनिवारी मी काकांकडे गेलोच नव्हतो."

"मालूम हाय."

मी वळलो.

"त्याहीच्या अंगनात झाडाले गेलो ना," मामा थांबत थांबत म्हणाले. "तवाच बोलले ते. म्हने, परवा तुमचे सर फाटकापाशी उभे होते. काय पायजे होतं त्याहीले?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काई नाई. झाडत होतो." त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, झोपले. मग म्हणाले, "एकटे तुमीच नाई, सर. तुमाले मांगता आलं नाई. मले मायले नाई म्हनता आलं नाई. जीव माशांचा गेला."

मी विचारले, "मी मागितले असते तर ते काय म्हणाले असते?"

"ते म्या इचारलं नाई. ते तुमी इचाराचं."

निघताना त्यांनी भावाला खुणावले. त्याने औषधाच्या बाटलीत थोडा मध आणून दिला. "पयल्या पेटीतला हाय," मामा म्हणाले. "तुमच्या घरच्या. मायचा हिस्सा." ती आमची शेवटची भेट ठरली. फेब्रुवारीत ते गेले.

त्या भेटीच्या दिवशी भातकुलीहून मी अकोल्याची गाडी धरली नाही. अमरावतीचे घर उघडले. स्वयंपाकघरातल्या कपाटात ती वाटी होती. आमच्याकडे वाटी रिकामी परत करीत नाहीत, आणि बंद घरात दुसरे काहीच नव्हते. बाटलीतला मध तिच्यात ओतला आणि दहा-बारा पावले चालून त्यांच्या फाटकाची कडी काढली.

काकांनीच दार उघडले. ते वाकले होते आणि त्यांचा आवाज आता एका खोलीपुरता उरला होता. त्यांनी वाटीवर कोरलेले नाव हाताने चाचपून पाहिले. मी पुष्कळ काही बोलायचे ठरविले होते. तोंडून जे वाक्य निघाले ते त्या शनिवारी संध्याकाळी तयार केलेले होते, केवळ काळ बदललेला.

"काका, मला तुमच्याकडे दहा दिवस मागायचे होते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "फाटकापाशी उभे होते तुमी," ते म्हणाले. "सर हळू बोलतात म्हनून मी टीव्हीचा आवाज बी बंद केला होता."

 मी विचारले, "मी मागितले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. तो करताना त्यांनी मागे, काकूंच्या खोलीकडे पाहिले.

"पयल्यांदा त नाईच म्हटलं असतं," ते म्हणाले. "मंग तुमी अजून एकदा इचाराचं होतं."